साल, उचल आणि निष्ठा

गुढीपाडवा जवळ आला की आमच्या परभणीच्या भागात एक वाटाघाट अजूनही सुरू होते. सालगड्याचे साल संपत आलेले असते. मालकाला कामाचा गडी हातचा जाऊ द्यायचा नसतो आणि गड्याला गेल्या वर्षीच्या पैशांत पुढचे वर्ष काढायचे नसते. मग आठ-पंधरा दिवस दोघेही एकमेकांशी मोजकेच बोलतात. मधला माणूस दोन्हीकडे फेऱ्या मारतो. शेजारच्या शिवारातल्या कुणीतरी वाढवून पैसे देऊ केल्याची बातमी पारावर येते. ती खरी असतेच असे नाही. गडी गेलाच तर मालकाच्या ओसरीवर एक ठरलेले वाक्य ऐकू येते : 'घरच्यासारखा ठेवला होता, शेवटी पैशावर गेला.' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्यातल्या 'घरच्यासारखा' या शब्दामधला 'सारखा' हा तुकडा किती काम करतो, हे मात्र फार उशिरा, भाषाविज्ञान शिकवू लागल्यावर लक्षात आले. घरच्या माणसाला कुणी 'घरच्यासारखा' म्हणत नाही.

हे आठवायला निमित्त झाले क्रिकेटचे. २४ नोव्हेंबर २०२४ हा रविवार होता. सौदी अरेबियातील जेद्दा येथे आयपीएलचा लिलाव चालू होता आणि त्यात मुंबईचा फलंदाज श्रेयस अय्यर पंजाबच्या संघाने २६ कोटी ७५ लाख रुपयांना घेतला. आयपीएलच्या इतिहासातील ती तोवरची सर्वांत मोठी बोली होती. हा मान काही मिनिटेच टिकला, कारण लगेच ऋषभ पंतवर लखनौने २७ कोटी लावले. सोमवारी मी वर्गात पोचलो तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांचे दोन तट पडले होते. एका तटाचे म्हणणे, अय्यरने कोलकात्याला दगा दिला. दुसऱ्याचे, कोलकात्याने अय्यरला. त्या दिवशी शिकवायची होती नाट्यसंहिता. ती बाजूला राहिली. मीही फारसा विरोध केला नाही, हे कबूल करतो.

क्रिकेटशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडा तपशील देतो. अय्यरला कोलकात्याने २०२२ मध्ये १२ कोटी २५ लाखांना घेऊन कर्णधार केले होते. त्याच्या नेतृत्वाखाली २६ मे २०२४ रोजी कोलकाता संघ दहा वर्षांनंतर विजेता झाला. नव्या हंगामाआधी प्रत्येक संघाला जास्तीत जास्त सहा खेळाडू आपल्याकडे राखता येणार होते आणि ३१ ऑक्टोबर ही त्याची शेवटची तारीख होती. कोलकात्याने सहाच्या सहा जागा भरल्या आणि त्यांत विजेता कर्णधार नव्हता. संघाच्या वतीने सांगण्यात आले, की खेळाडू राखणे ही दोन्ही बाजूंच्या संमतीची गोष्ट असते. अय्यरने पुढे सांगितले ते असे, की बोलणी झाली, मग मध्ये मोठा खंड पडला आणि संवादच उरला नाही. बंद दाराआड नेमके काय झाले हे ठरवण्याचे कारण आपल्याला नाही. आपला प्रांत शब्दांचा. म्हणून त्यानंतर जे शब्द वापरले गेले त्यांच्याकडे पाहू.

'सोडून गेला', 'विकला गेला', 'भाव खाल्ला', 'पैशाच्या मागे लागला'. हे सगळे खेळाडूविषयी. संघाविषयी बोलताना मात्र 'राखले नाही', 'मोकळे केले', 'संघबांधणी केली'. क्रियापदांची ही विभागणी मी फळ्यावर लिहून दाखवली तेव्हा वर्ग क्षणभर शांत झाला. माणूस जातो तेव्हा त्याच्या चारित्र्याचा प्रश्न उभा राहतो. संस्था जाऊ देते तेव्हा तो व्यवस्थापनाचा भाग ठरतो. 'मोकळे केले' हा प्रयोग तर खास लक्ष देण्यासारखा आहे. दाव्याचे जनावर मोकळे करतात.

आता एक आक्षेप लगेच येईल, आणि तो आला पाहिजे. सव्वीस कोटींच्या मनुष्याबद्दल सालगड्याच्या भाषेत बोलणे ही चैन नव्हे काय? ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत त्यांचे हातपाय गहाण असतात. त्या उचलीची आणि जेद्दाच्या बोलीची तुलना करणे हा ऊसतोड्यांचा अपमान आहे. आक्षेप मला मान्य आहे, मात्र अर्धा. पैशांच्या बाबतीत तुलना नाहीच. पण ज्या गोष्टीची मी चर्चा करतो आहे ती पैशांची नव्हे. कष्ट करणाऱ्याने आपल्या कष्टाची किंमत स्वतः बोलून दाखवली की ऐकणाऱ्याला त्यात काहीतरी अभद्र का वाटते, हा प्रश्न आहे. आणि तो पाच हजारांना व पंचवीस कोटींना सारखाच लागू पडतो. उलट एवढा बडा माणूसही या भाषेतून सुटत नाही, यावरून ती भाषा किती मुरलेली आहे ते कळते.

या बाबतीत आपल्या क्रिकेटचा इतिहास जुना आहे. त्यातले सर्वांत बोलके प्रकरण १९५२ चे.

विनू मंकड मूळचे जामनगरचे. नवानगर, गुजरात, बंगाल, मुंबई, राजस्थान अशा अनेक संघांकडून ते खेळले. 'निष्ठे'च्या मोजपट्टीने पाहिले तर पहिल्याच पावलाला नापास होणारा हा खेळाडू. त्या काळी कसोटी सामने खेळून घर चालत नसे. संस्थानिक, मिल किंवा रेल्वे यांपैकी कुणाचा तरी आश्रय शोधावा लागे. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडवर डावाने मात केली. भारताचा तो पहिलावहिला कसोटी विजय. त्यात मंकडांचे बळी बारा, पैकी पहिल्या डावात ५५ धावांत आठ. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला जायचा होता. त्याच उन्हाळ्यासाठी लँकेशायर लीगमधील हॅसलिंग्डन या क्लबाने मंकडांना व्यावसायिक खेळाडू म्हणून करार देऊ केला.

लँकेशायर लीग म्हणजे गिरणगावांचे क्रिकेट. आठवडाभर मागावर उभे राहणारे लोक शनिवारी तिकीट काढून मैदानावर येत. प्रत्येक क्लबाला एक पगारी खेळाडू ठेवता येई. त्याने अर्धशतक काढले किंवा पाच बळी घेतले, की प्रेक्षकांतून पैसे गोळा करून त्याला देत. वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाईन १९२९ पासून नेल्सन या गावासाठी असाच खेळला आणि त्या गावाचा लाडका झाला. मला या व्यवस्थेत एक सरळपणा दिसतो. गिरणीतल्या कामगाराला पगारी खेळाडूचे पैसे घेणे कधी खटकले नाही, कारण तो स्वतः पगारावर होता. कामाचे दाम असतात हे त्याला कुणी शिकवावे लागले नव्हते.

मंकडांनी नियामक मंडळापुढे एक साधा प्रश्न ठेवला : इंग्लंड दौऱ्यासाठी माझी निवड होईल अशी हमी देता काय? देत असाल तर मी हॅसलिंग्डनला नकार कळवतो. मंडळाने हमी दिली नाही. मंडळाच्या बाजूनेही बोलता येते. निवड ही निवडसमितीची बाब. एकाला आधी शब्द दिला तर उद्या दहा जण तो मागतील. तत्त्व म्हणून हे बरोबरच आहे. पण नुकतेच ज्याच्या हातून देशाला पहिला विजय मिळाला, त्या पस्तिशीतल्या माणसाला उदरनिर्वाहाची एक संधी सोडायला सांगायची आणि त्याबदल्यात एक वाक्यही द्यायचे नाही, याला तत्त्वापेक्षा निराळे नाव आहे. मंकडांनी हॅसलिंग्डनशी करार केला. संघ त्यांच्यावाचून निघून गेला.

जूनमध्ये लीड्सला पहिली कसोटी झाली. पहिल्या डावात तरुण विजय मांजरेकर आणि कर्णधार विजय हजारे यांनी चांगली भागीदारी केली. दुसऱ्या डावात मात्र फ्रेड ट्रुमन या नवख्या गोलंदाजापुढे भारताची धावसंख्या शून्य असतानाच चार गडी बाद झाले. फलकावरचे ते शून्य आणि ते चार! त्यानंतर मंडळाला हॅसलिंग्डनचा पत्ता सापडला. क्लबाशी बोलणी झाली आणि उरलेल्या कसोटींसाठी मंकडांना सोडण्यास क्लब तयार झाला. ज्या मंडळाने स्वतःच्या खेळाडूला शब्द दिला नव्हता, ते त्याला परक्या गिरणगावाकडून मागून घेत होते.

लॉर्ड्सवर मंकड सलामीला गेले आणि त्यांनी ७२ धावा केल्या. मग ७३ षटके टाकून १९६ धावांत पाच बळी घेतले. पुन्हा सलामीला जाऊन १८४ धावा काढल्या. शेवटी इंग्लंडला विजयासाठी थोड्याच धावा हव्या असताना पुन्हा चोवीस षटके टाकली. भारत आठ गड्यांनी हरला, पण तो सामना आजही 'मंकडांचा सामना' म्हणून ओळखला जातो.

आमच्याकडे ही गोष्ट सांगितली जाते ती या सामन्यापासून. देशाने हाक मारली आणि वीर धावून आला, असा तिचा घाट असतो. आधीची हमीची मागणी, तिला मिळालेला नकार आणि मधले ते करारपत्र गाळले जाते, कारण ते वीररसात बसत नाही. साहित्याच्या अभ्यासकाने इथे थांबायला हवे असे मला वाटते. चरित्रकथेतून व्यवहार वगळला की कथा सुबक होते खरी, पण ज्याच्याविषयी ती आहे त्याचे निम्मे आयुष्य तिच्याबाहेर जाते. आपल्या संतचरित्रांपासून नटांच्या आठवणींपर्यंत हीच रीत आहे.

नटांचा विषय निघालाच आहे तर बालगंधर्वांकडे वळू. १९११ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने 'मानापमान' रंगभूमीवर आणले. पोटचे मूल गेलेले असताना बालगंधर्व त्या पहिल्या प्रयोगाला उभे राहिले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे आणि ती निष्ठेचा आदर्श म्हणून सांगितली जाते. पण त्याच बालगंधर्वांनी दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह किर्लोस्कर मंडळी सोडली आणि गंधर्व नाटक मंडळी काढली. ज्या नटासाठी प्रेक्षक तिकीट काढतो त्याने मालकीत वाटा मागावा, यात गैर ते काय? पण पाठ्यपुस्तकातून पहिली हकीकत मुलांपर्यंत पोचते, दुसरी इतिहासाच्या संदर्भग्रंथात राहते. माझ्या मते त्या दोन्ही घटना एकाच स्वभावातून आल्या आहेत. आपल्या कामाला जो इतके मानतो, तो त्या कामाचा धनीही होऊ पाहणारच. (पुढे कंपनी कर्जात बुडाली, हे खरे. धनी झाल्यावर धनीपण सांभाळणे ही वेगळी विद्या आहे.)

आणि रुसवा दर वेळी पैशांचाच असतो असेही नाही. १९२० च्या मुंबईतील चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद पळवणकर बाळू यांना पुन्हा डावलून दुसऱ्याकडे गेले, आणि बाळूंना संघातूनही वगळले, तेव्हा त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी खेळायला नकार दिला. बाळू हे त्या काळचे श्रेष्ठ डावखुरे गोलंदाज. त्यांना नेतृत्व का मिळत नव्हते याचे कारण चांभार जातीत झालेला त्यांचा जन्म, हे मैदानावरच्या शेवटच्या माणसालाही माहीत होते. भावांच्या नकारानंतर अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत घेऊन उपकर्णधार केले गेले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. न खेळणे हेही खेळाडूच्या हातातले एक साधन आहे आणि ते कधी कधी खेळण्याहून मोठे काम करते, हे त्या भावंडांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले. त्यांनाही त्या वेळी 'संघापेक्षा स्वतःला मोठे समजता' असे ऐकावे लागले नसेल, यावर माझा विश्वास नाही.

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये हाच झगडा कायद्याच्या भाषेत लढला गेला. तिथे करारात एक कलम असे, की मुदत संपली तरी खेळाडूवरचा हक्क संघाचाच. तो त्याला ठेवील, नाहीतर दुसऱ्याला देऊन टाकील. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या संघाने कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूला परस्पर फिलाडेल्फियाला देऊन टाकले. त्याने जायला नकार दिला आणि आपण कुणाची मालमत्ता नाही अशा अर्थाचे पत्र खेळाच्या आयुक्तांना लिहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७२ मध्ये फ्लड हरला आणि त्याची कारकीर्दही संपल्यात जमा झाली. पण पुढे तीनच वर्षांनी, १९७५ च्या डिसेंबरात, दुसऱ्या दोन खेळाडूंच्या बाबतीत लवादाने निर्णय दिला आणि त्या कलमाचा जोर गेला. त्यानंतर तिकडे ठरावीक वर्षे खेळून झालेला खेळाडू खरोखर मोकळा होऊ लागला : कुठे जायचे, किती मागायचे, हे तो ठरवतो. तिथलेही प्रेक्षक त्याला 'लोभी' म्हणतात. पण निदान दार त्याच्या बाजूनेही उघडते.

आपल्याकडच्या लिलावात तसे नाही. खेळाडू आपले नाव यादीत घालतो, आधारभूत किंमत सांगतो, आणि त्यानंतर त्याच्या हाती काही उरत नाही. हातोडा ज्याच्या बाजूने पडेल त्याच्या शहरात जायचे. परदेशी खेळाडूने निवड झाल्यावर सबळ कारणावाचून अंग काढून घेतले तर दोन वर्षांची बंदी. इंग्लंडच्या हॅरी ब्रूकवर ती २०२५ मध्ये आली. आणि भारताकडून खेळू इच्छिणाऱ्या आपल्या खेळाडूला बाहेरच्या देशांतील अशा लीगमध्ये खेळायची मोकळीक नाही. म्हणजे बाजार आहे, पण मोंढ्यात एकच अडत. आमच्या मानवतच्या कापूस उत्पादकाला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. २६ कोटी ही रक्कम डोळे दिपवते आणि त्यामुळे हे दिसत नाही, की भाव ठरत असताना ज्याचा भाव ठरतो आहे त्याला बोलण्याची सोय नव्हती.

अय्यरची पुढची कथा सर्वांना माहीत आहे. पंजाबला त्याने २०२५ च्या अंतिम सामन्यापर्यंत नेले; उपांत्य लढतीत मुंबईविरुद्ध ४१ चेंडूंत नाबाद ८७, आणि अंतिम सामन्यात एक धाव. संघ सहा धावांनी हरला. त्या एका धावेनंतर 'एवढे पैसे घेऊन' या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये आमच्या कँटीनमध्येही ऐकू आली. पैसे जाहीर झाले, की प्रत्येक चेंडूचा हिशेब मागायचा अधिकार आपल्याला मिळाला असे वाटू लागते. संघमालकाच्या नफ्याचा हिशेब मात्र कुणी चेंडूगणिक मागत नाही.

प्रेक्षकाच्या दुःखाला मी खोटे म्हणत नाही. आपला वाटणारा माणूस परक्या रंगाचा सदरा घालून समोर येतो तेव्हा पोटात कालवते, हे मी अनुभवले आहे. साहित्यातही वाचक लेखकावर असाच हक्क सांगतो. परभणीचा थोर लेखक बी. रघुनाथ सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करीत आयुष्यभर लिहीत राहिला आणि १९५३ मध्ये कचेरीतच त्याचे प्राण गेले. त्याच्या नावाचे उत्सव आपण अभिमानाने करतो. त्याच्या लेखनाचे त्याला काय मिळाले, हा प्रश्न व्यासपीठावरून कुणी विचारलेला मी ऐकला नाही. 'लेखन ही साधना आहे' असे म्हणणाऱ्याचा पगार बहुधा एक तारखेला जमा झालेला असतो. त्यात मीही आलो.

मीही आलो, पण सुरुवातीची सहा वर्षे वगळून. ती मी तासिका तत्त्वावर काढली. संस्थेचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण नाव बदलून हीच हकीकत माझ्या पिढीतले कितीतरी जण सांगतील. दर जूनमध्ये नवा आदेश, दर एप्रिलमध्ये शून्य. चौथ्या वर्षी मी विचारले, की तास वाढले आहेत तर मानधनाचे काय? समोरचे गृहस्थ दुखावल्यासारखे झाले. म्हणाले, "सर, तुम्हाला आम्ही आपलं मानतो." त्या वर्षी माझा आदेश ऑगस्टमध्ये निघाला.

म्हणून वर्गातल्या त्या वादात मी तटस्थ नव्हतो. त्याच वर्गात शेवटच्या बाकावर गोदाकाठच्या एका गावचा मुलगा बसत असे. टेनिस बॉलने खेळल्या जाणाऱ्या गावोगावच्या स्पर्धांत त्याचे नाव होते. चेंडू उसाच्या फडात भिरकावून देण्यासाठी प्रसिद्ध. गावाच्या संघाने त्याच्या बॅटीवर दोन वर्षे चषक आणि रोख बक्षिसे मिळवली. बक्षिसाची रक्कम मंडळाकडे जाई, जेवणावळ होई, आणि याला नारळ व टॉवेल. तिसऱ्या वर्षी त्याने एका सामन्यामागे ठरावीक पैसे मागितले. परीक्षा शुल्क भरायचे होते, एवढेच त्याने मला सांगितले. गावाने बैठक घेतली. 'गावासाठी खेळायचे पैसे?' असे तिथे विचारले गेले. बाहेरून बोलावलेल्या दोन खेळाडूंना त्याच गावाने त्याच स्पर्धेसाठी पैसे दिले होते, हे त्याने बोलून दाखवले तेव्हा बैठक संपली.

त्या सोमवारच्या चर्चेत तो एक शब्दही बोलला नाही. तास संपल्यावर माझ्याजवळ आला आणि मंकडांनी ती हमी लेखी मागितली होती की तोंडी, असे त्याने विचारले. मला सांगता आले नाही. त्या हंगामात तो पलीकडच्या तालुक्यातल्या संघाकडून खेळला. आपल्याच गावाविरुद्धच्या सामन्यात फलंदाजीला उतरला तेव्हा सीमारेषेवरून बराच गलका झाला म्हणतात. सामन्याचे पैसे त्याने आधी घेतले होते.